शब्द कापलेल्या कॅसेटी

हार्ड ट्रान्स पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्याचा वेग खटकतो, पण तो कानाला लवकर सरावतो. दुसरी गोष्ट सरावायला वेळ लागतो. त्यात कुणी गात नाही. मिनिटाला १४० ते १५० ठोके, आठ-नऊ मिनिटांचा एकेक तुकडा, खाली सतत चालणारा खर्ज, वर पिळवटत जाणारी एखादी सुरावट, आणि शब्द जवळजवळ नाहीत. फार तर एखाद्या जुन्या विज्ञानपटातलं तुटकं वाक्य मध्येच येऊन जातं. फ्रीफॉर्म म्हणून त्याचं जे चुलत भावंड इंग्लंडात वाढलं, ते १७० च्या आसपास पळतं आणि तेही बहुतांशी मुकंच.

मी पोटासाठी भाषांतर करते आणि आठवड्यातल्या एक-दोन रात्री हे संगीत वाजवते. ऐकणारे थोडे, जागा घरातली, स्पीकर क्वचित आणि हेडफोन नेहमी. राहते चेन्नईच्या पश्चिमेला, बेंगळूर महामार्गावरच्या इरुंगाट्टुकोट्टैला. एका बाजूला मोटारींचा कारखाना, दुसऱ्या बाजूला मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक. पाट्या तमिळमध्ये, इंग्रजीत आणि मधूनमधून कोरियन लिपीत. चहाच्या टपरीवर ओडिया, बंगाली, हिंदी. शब्दांवर जगणारी बाई शब्द नसलेलं संगीत का वाजवते, असं लोक विचारतात. याचं उत्तर मी आवडीनिवडीत शोधत बसत नाही. ते इतिहासात आहे, आणि तो इतिहास मराठीच्या अंगणाला अगदी लागून गेलेला आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी तरुण हिवाळा काढू लागले. गोवा मुक्त होऊन (१९ डिसेंबर १९६१) दशकही उलटलं नव्हतं. कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही त्याच सुमारास आला. पुढे जुन्या आखाड्याचा साधू झाला आणि जगाला 'गोवा गिल' म्हणून माहीत झाला. नोव्हेंबर ते मार्च असा त्या वस्तीचा हंगाम, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावर काही टिकत नाही. सत्तरच्या दशकात तिथे गिटारी होत्या, रॉक होता, रेगे होता, पौर्णिमेच्या रात्री जिवंत वाजवणारे बँड होते. म्हणजे शब्द होते, आणि ते बहुतेक इंग्रजी होते.

ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात फ्रेड डिस्को आणि लॉराँ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोघांनी तिथे वेगळ्या कॅसेटी आणल्या. युरोपातलं तेव्हाचं यंत्रसंगीत त्यांत होतं. बेल्जियमच्या 'फ्रंट २४२' सारख्यांचं कडक, कवायतीसारखं संगीत, जर्मन सिंथेसायझर, इंग्रजी नवी लाट. ते संगीत जसंच्या तसं वाजवलं जात नव्हतं. मूळ गाण्यातला गायनाचा भाग ते वगळत आणि फक्त वाद्यांचे तुकडे कॅसेटवर पुन्हा पुन्हा उतरवून लांबवत. दोन टेप-डेक आणि पॉजचं बटण असलं की हे काम होतं. चार मिनिटांच्या गाण्यातला चाळीस सेकंदांचा गाभा घ्यायचा, तो दहादा जोडायचा आणि गायकाला बाहेर बसवायचं. ज्याला आज आपण गोवा ट्रान्स म्हणतो, आणि ज्याच्याशी जर्मनीतल्या हार्ड ट्रान्सची पुढे देवाणघेवाण झाली, त्याची मुळं या कात्रकामात आहेत.

या कामाला मराठीत आधीपासून एक शब्द आहे, पाठभेद. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलकारांनी घातलेल्या आणि गाळलेल्या गोष्टी निस्तरण्यासाठी. बाडं उतरवणारा माणूस कधीच नुसता उतरवत नव्हता. त्याला जे कळलं, जे भावलं, जे त्याच्या श्रोत्यांना चालेल ते तो ठेवत होता. हणजुण्याचे डीजे त्या अर्थाने नकलकार होते, आणि त्यांच्या कॅसेटी हातोहात उतरवल्या जात होत्या. फरक एवढाच की आपल्या नकलकाराने काही केलं तरी शब्दांतच केलं. यांनी शब्द हाच क्षेपक मानला.

हे का झालं? या संगीतावर लिहिणारे बहुतेक लोक इथे ध्यान, समाधी, तांडव वगैरेंकडे वळतात. गिल स्वतः तसंच बोलत असे, आणि त्याच्या श्रद्धेबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण मला कारण अधिक साधं वाटतं. त्या वाळूवर फ्रेंच होते, जर्मन होते, इटालियन, इंग्रज, अमेरिकन, पुढे इस्रायली आणि जपानी. सगळ्यांची अशी भाषा नव्हती. कामापुरती इंग्रजी चालायची, पण रात्री दोन वाजता कामापुरत्या भाषेत कुणी नाचत नाही. गाण्यातला शब्द कुणाच्या तरी मालकीचा असतो. तो आला की ज्याची भाषा त्याचं अंगण होतं आणि बाकीचे पाहुणे होतात. शब्द कापले की अंगण निदान काही काळ कुणाचंच राहत नाही. हे माझं अनुमान आहे. पण चार भाषांच्या टपरीवर रोज चहा घेणाऱ्या माणसाला ते सहज सुचतं.

हे अनुमान मला अधिक टोचतं ते तारखांमुळे. ज्या वर्षांत हणजुण्याला कॅसेटींतून शब्द कापले जात होते, नेमक्या त्याच वर्षांत, तिथून काही किलोमीटरवर, शब्दांसाठी माणसं रस्त्यावर उतरली होती. १९८५ ते १९८७ हा गोव्यातल्या राजभाषेच्या आंदोलनाचा काळ. कोकणी की मराठी हा प्रश्न तिथे घराघरांत, एकाच घरातल्या भावाभावांत होता. डिसेंबर १९८६ मध्ये हिंसाचार झाला, माणसं मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने राजभाषेचा कायदा मंजूर केला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय कामकाजात वापराची मुभा राहिली. ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झालं.

या दोन इतिहासांची मांडणी एका पानावर केलेली मी पाहिलेली नाही. ट्रान्सच्या इतिहासात ऐंशीच्या दशकातलं गोवा म्हणजे माड, चंद्र आणि काही परदेशी माणसं. आपल्या मराठी-कोकणी वादाच्या इतिहासात किनारा येतो तो हिप्पींच्या उपद्रवापुरता. पण डिसेंबर हा ऐन हंगामाचा महिना. त्या डिसेंबरात म्हापशाच्या वाटेवर कुणाच्या तोंडून कोणता शब्द निघतो यावर काही अवलंबून होतं, आणि पलीकडे कुणाच्याच तोंडून काही निघू नये अशा बेताने रात्र रचली जात होती. दोन्हीकडे एकच गोष्ट मान्य होती, की भाषा निरुपद्रवी नसते. आपण भाषेच्या बाजूने उभे राहणारे लोक. शब्द कापणाऱ्यांना पलायनवादी म्हणणं आपल्याला सोपं जातं. मी तसं म्हणायला आता कचरते.

याच किनारपट्टीवर उत्तरेला, मुंबईत, शब्दांशिवायचा आणखी एक प्रयोग १९८२ मध्ये होऊन गेला होता. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. त्यांनी एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. रोलंड कंपनीची तीन जपानी यंत्रं त्यात होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचं छोटं यंत्र. ललत, तोडी, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग, आणि खाली न थकणारा यंत्राचा ताल. तबकडी फारशी खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती दिल्लीत लागली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली. तेव्हा जगभरातल्या ऐकणाऱ्यांना धक्का बसला, कारण ३०३ चा हा आवाज म्हणजे शिकागोची 'ॲसिड हाउस' शैली अशी सर्वांची समजूत होती, आणि तिथली पहिली प्रसिद्ध तबकडी १९८७ ची. चरणजित सिंग ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत वारले. शेवटच्या काही वर्षांत त्यांना युरोपात बोलावून त्यांच्याकडून ते राग वाजवून घेतले गेले.

ॲसिड हाउस मुंबईत जन्मलं, असा जो गजर तेव्हा झाला त्यात मला रस नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. मला रस आहे तो यंत्रात. टीबी-३०३ एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलं होतं. त्या कामात ते फसलं आणि १९८४ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. त्यात सोळा घरांची एक ओळ भरायची, ती फिरत राहते. प्रत्येक घराला दोन खुणा देता येतात, एक आघाताची आणि एक घसरण्याची. घसरण्याची खूण दिली की सूर तुटत नाही, पुढच्या सुरावर ओढला जातो. आपल्याकडे या गोष्टीला मींड म्हणतात. बाकीच्या जगाला जी यंत्राची विचित्र सवय वाटली, ती सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य काढलेल्या माणसाला ओळखीची वाटली असणार. त्याने त्यात राग भरले. वर फिल्टरची कळ हळूहळू फिरवली की तीच सोळा घरं कधी गुरगुरतात, कधी किंचाळतात. हार्ड ट्रान्समधलं सगळं नाट्य या एका कळीवर उभं आहे. सूर बदलत नाही, सुराचा रंग बदलतो.

चरणजित सिंगांनीही शब्द बाजूला ठेवले. ज्या शहरात चाल शब्दांसाठी आणि शब्द नायकासाठी होते, त्या शहरात. पण त्यांच्याजवळ नाचणारे नव्हते. मुंबईत यंत्र होतं आणि जमीन नव्हती. हणजुण्याला जमीन होती आणि यंत्र परक्याच्या कॅसेटीत होतं. मधे एका रात्रीचा बसचा प्रवास. त्या दोन गोष्टींची त्या दशकात गाठ पडली नाही, आणि इतिहासाला नाव पडलं ते जमिनीचं.

नाव युरोपाने दिलं. हंगाम संपला की कॅसेटी बार्देशातून फ्रँकफुर्टला, लंडनला, तेल अवीवला जात. फ्रँकफुर्टमध्ये १९९२ च्या पुढेमागे हार्ड ट्रान्स तबकड्यांवर येऊ लागलं. तिथला सर्वांत गाजलेला डीजे स्वेन व्हेट गोव्याला येऊन गेलेला होता. लंडनमध्ये १९९३-९४ मध्ये ड्रॅगनफ्लाय, टिप, फ्लाइंग ऱ्हायनो अशा छोट्या कंपन्या निघाल्या. १८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसीच्या रेडिओ वनवर पॉल ओकनफोल्डने दोन तासांचा 'गोवा मिक्स' वाजवला आणि ज्यांनी अरबी समुद्र पाहिला नव्हता त्यांच्याही घरात हा शब्द शिरला. जर्मनमध्ये तर गोवा हे सामान्यनामच झालं. जंगलात किंवा माळावर अशा संगीताचा जलसा असला की त्याला नुसतं 'गोवा' म्हणतात, आणि तो ब्रांडेनबुर्गात भरतो. स्थळनामाचं असं सामान्यनाम झालेलं भाषांतरात आलं की मी दर वेळी अडते. तिथे 'गोवा' लिहिलं तर मराठी वाचक नकाशावर चुकीच्या ठिकाणी जातो.

फ्रीफॉर्मची गोष्ट त्यापुढची आणि छोटी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडात 'हॅपी हार्डकोअर' नावाचं फार वेगवान, गोड, गळाभर गाणारं संगीत जोरात होतं. पियानो, बायकांचे उंच आवाज आणि प्रेमाच्या आणाभाका. शार्की, केव्हिन एनर्जी अशा काही डीजेंनी तो वेग ठेवला, गाणं कमी केलं आणि त्या जागी ट्रान्सच्या लांब, काळवंडलेल्या सुरावटी आणि ३०३ चं पिळणं आणलं. पुढे फिनलंडमध्ये त्याला फार चांगले रचनाकार मिळाले. म्हणजे हणजुण्याला घडलं तेच पुन्हा घडलं. शब्दांनी गच्च भरलेलं संगीत घ्यायचं आणि शब्द काढून उरलेल्या जागेत काय राहतं ते पाहायचं. मला यात खास कुशल भाषांतरकाराची वृत्ती दिसते, पण ते माझ्या धंद्याचं वेड असेल.

डीजेच्या हातचं नेमकं काम काय, हे इथे सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की तो एकामागून एक गाणी लावतो. तबकड्यांवर वाजवणाऱ्याकडे दोन फिरत्या थाळ्या असतात, आणि प्रत्येकीचा वेग एका पट्टीने थोडा कमी-जास्त करता येतो. दुसऱ्या तबकडीची लय कानाने पहिलीशी मिळवायची, मग दोन्ही एकत्र चालू द्यायच्या आणि हळूच हात सोडायचा. गोव्यात हे शक्य नव्हतं. उन्हाने तबकड्या वाकतात आणि वाळू खोबणीत बसते. म्हणून कॅसेट. सोनीच्या 'वॉकमन प्रोफेशनल'ला टेपचा वेग किंचित बदलायची सोय होती, त्यावर काही जण लय मिळवत. पुढे १९८७ मध्ये निघालेली डॅट ही अंकीय टेप आली, आणि काही वर्षांत सगळे तिच्याकडे वळले. आवाज स्वच्छ, टेप काडेपेटीपेक्षा थोडीच मोठी, पण किनाऱ्यावर नेण्याजोग्या यंत्रांत वेग बदलायची सोय नाही. म्हणजे आवाज सुधारला आणि हात बांधले गेले.

बांधलेल्या हातांनी मग रचना बदलली. लय मिळवता येत नाही तर एक तुकडा संपून दुसरा सुरू होण्याच्या जागी ताल नसलेलाच बरा. गोव्यासाठी रचलेल्या कित्येक तुकड्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी मिनिट-दीड मिनिट नुसता धुरकट आवाज असतो, एखाद्या आलापासारखा, आणि मग ठोका येतो. त्या जागांना लोक पहाट म्हणाले, अंतराळ म्हणाले. त्या जागा टेपच्या मर्यादेमुळे आल्या. आज माझ्या संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक तुकड्याचा वेग दशांशापर्यंत दिसतो आणि एक बटण दाबलं की दोन लयी आपोआप जुळतात, तरी ते आलाप रचणारे अजून रचतात. पोथ्या छापल्यावरही ओवीचा आकडा दोन दंडांच्या मधेच राहिला, तसं.

शब्द नसलेली जमीन सर्वांची असते, असं मी वर सुचवलं. ते अर्धंच खरं आहे. भूगोलाचे अभ्यासक अरुण सालढाणा यांचं हणजुण्यावरचं पुस्तक २००७ मध्ये आलं. वंशभेद तिथे नेमका कसा चालतो हे त्यांनी रात्ररात्र उभं राहून पाहिलं होतं. त्यांचं निरीक्षण असं, की रात्रीच्या पहिल्या प्रहरात वाळूवर भारतीय पर्यटक भरपूर असतात. जुने गोरे रहिवासी तेव्हा येतच नाहीत. ते पहाटे येतात, उजाडताना नाच खरा सुरू होतो, आणि तोवर बाकीचे कुणी न हाकलता निघून गेलेले असतात. कुणाला काही बोलावं लागत नाही. कुठे उभं राहायचं, कपडे कोणते, किती वेळ थांबायचं, यांनीच गाळणी होते. शब्द काढल्याने मालकी जात नाही, ती कातडीत आणि घड्याळात जाऊन बसते. पुण्यात शिकत असताना कोरेगाव पार्कातून हातोहात फिरणाऱ्या टेपांवर मी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं. आश्रमात येणारे परदेशी पुण्याहून गोव्याला आणि गोव्याहून पुण्याला जा-ये करत. टेप देणारा माणूस टेप आनंदाने देई, पार्टी कुठे आहे ते सांगत नसे.

आणि मग चटईवाल्या. या पार्ट्यांच्या प्रत्येक वर्णनात त्या येतात, बहुधा एका वाक्यापुरत्या. नाचाच्या जागेच्या कडेने गावातल्या बायका चटया अंथरत, पुढ्यात रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहा, ऑम्लेट-पाव, केक, सिगारेटी. थकलेला माणूस चटईवर येऊन पडे. चहाचे पैसे दिले की ती जागा त्याची. अंधारात दिव्यांची ती ओळ हाच नाचाच्या जागेचा कुंपणभर नकाशा होता. परदेशी लोक त्यांना 'चाय मामा' म्हणत. या बायका रात्रभर जाग्या असत, हंगामामागून हंगाम. वाजलेला प्रत्येक टेप त्यांनी ऐकला, कित्येक डीजेंपेक्षा जास्त ऐकला. आणि त्या एकट्याच तिथे प्रत्येकाशी बोलत होत्या. किती कप, किती पैसे, उद्या दे, इथे झोपू नको, अंगावर वाळू येईल. मुक्या जमिनीच्या कडेला एवढी एक बोलकी पट्टी होती. ती कोकणीत होती आणि मोडक्या-तोडक्या पाच-सहा भाषांत होती. ट्रान्सचा इतिहास इंग्रजीत आणि जर्मनमध्ये लिहिला गेला, म्हणून या बायका त्यात चहा ओतताना दिसतात, ऐकताना दिसत नाहीत.

महाराष्ट्रात हा इतिहास आलाच नाही असं नाही. शब्द आला आणि त्याचा अर्थ उलटा झाला. मराठीत डीजे हा आता माणूस राहिलेला नाही, ती वस्तू आहे. 'डीजे लावला', 'डीजे बंद केला', 'पाच लाखांचा डीजे'. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे त्याच वस्तूला डॉल्बी म्हणतात, एका परदेशी कंपनीचं नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला. मी डीजे आहे असं एका मामेभावाला सांगितलं तेव्हा त्याने गंभीरपणे विचारलं, "ताई, टॉप किती, बेस किती?" मी म्हटलं, एक हेडफोन. तो विषय तिथेच संपला.

त्या ट्रॉलीवर वाजतं ते नीट ऐकलं तर त्यात हार्ड ट्रान्सचे कितीतरी अवशेष आहेत. कर्कश करवती सिंथ, ताल थांबवून श्वास रोखायला लावणारी पोकळी आणि मग कोसळणारा ठोका. हे कुठल्या संगणकावरून कुठल्या संगणकावर आलं याचा माग कुणी काढलेला नाही, पण नातं कानाला कळतं. फरक मात्र मूलभूत आहे. आपल्या डीजेने शब्द परत घातले. तुकड्याच्या सुरुवातीला मंडळाचं नाव, भाऊंचं नाव, कधी रिमिक्स करणाऱ्याचं स्वतःचं नाव घोगऱ्या आवाजात येतं. मग कोळीगीत येतं, देवीचं गाणं येतं, १४ एप्रिलला भीमगीत येतं. ज्यांना शतकानुशतकं रस्त्यावरून मोठ्याने जाण्याची मुभा नव्हती, त्यांनी नावाशिवायचा ठोका कशासाठी वाजवावा? हणजुण्याच्या लोकांना नाव विसरायचं होतं, कारण त्यांना ते विसरणं परवडत होतं. चैत्यभूमीकडे किंवा गावातल्या वेशीकडे निघालेल्या मिरवणुकीत नाव हेच सर्वस्व असतं. मला त्या भिंतीसमोर उभं राहवत नाही, छाती दुखते, म्हाताऱ्या माणसांचं आणि लहान मुलांचं काय होत असेल याची काळजी वाटते. पण तिला नुसता गोंगाट म्हणणाऱ्यांच्या तोंडी मी गोवा ट्रान्सचं कौतुक ऐकते, तेव्हा मला ते कौतुक संशयास्पद वाटतं.

कायद्याने दोघांनाही एकाच वाक्यात धरलं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवू देत नाहीत. निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट पक्की केली. महाराष्ट्रात ते दिवस गणपती-नवरात्रासारख्या सणांत वाटले जातात आणि दर वर्षी त्यांवर भांडण होतं. गोव्यात पौर्णिमा हा सण नाही. उघड्या वाळूवरचा रात्रभराचा नाच हळूहळू बंद भिंतींत आणि तिकिटांत गेला. पाळोळ्याला तर हेडफोन लावून नाचण्याच्या पार्ट्या सुरू झाल्या. शेकडो माणसं नाचताहेत आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पाय घासल्याचा आवाज येतो. आधी शब्द गेले, मग आवाजही गेला.

गोवा गिल २६ ऑक्टोबर २०२३ रोजी गेला. शेवटपर्यंत तो डॅट टेपांवर वाजवत होता, कधी कधी सलग चोवीस तास. सोनीने डॅटची यंत्रं बनवणं २००५ च्या अखेरीस थांबवलं होतं. त्या टेपांवरचा चुंबकीय थर झडतो, यंत्रं दुरुस्त करणारे उरले नाहीत, आणि त्यांतले कित्येक तुकडे कधीच प्रकाशित झाले नव्हते. हौशी लोक घरोघरच्या टेपा संगणकावर उतरवत आहेत. यादीत तुकड्यांची नावं लिहायची असतात, तिथे बऱ्याच ओळींत 'अज्ञात' असं लिहिलेलं असतं. हे काम मी मन लावून पाहते, कधी एखादा तुकडा ओळखता आला तर कळवतेही.

चटईवाल्यांचं असं काही उतरवून घ्यायचं असेल तर आता घाई करावी लागेल. १९८५ मध्ये जी तिशीची होती ती आता सत्तरीच्या घरात आहे. बार्देशात राहणारं, कोकणी बोलणारं कुणी हे काम हाती घेणार असेल तर माझ्याकडे प्रश्नांचा एक कागद तयार आहे. पार्टी कुठे होणार हे तुम्हांला कोण सांगायचं? चटया कुठून यायच्या? रॉकेल किती लागायचं, आणि रेशनचं की काळ्या बाजारातलं? उधारी कोणत्या भाषेत लिहून ठेवत होता? त्या डिसेंबरात, म्हापशाचे रस्ते बंद होते तेव्हा, तुम्ही गेला होता का? संगीत थांबून नवं सुरू होईपर्यंतच्या त्या मिनिटभरात लोक काय करायचे? आणि रात्रभर ऐकलेल्यातलं काही घरी चूल पेटवताना तोंडात यायचं का, आलं तर ते तुम्ही कोणत्या शब्दांवर म्हणायचात?